बोटापासून प्रयोगशाळेपर्यंत: सर्वेक्षणात डीबीएस नमुने घेताना

२००७ साली भारतातल्या एचआयव्हीबाधितांचा अंदाज ५० लाखांच्या वरून एकदम २५ लाखांच्या आसपास आला. आजार वर्षभरात निम्म्यावर आला नव्हता, मोजमाप सुधारलं होतं. सेंटिनल केंद्रं, म्हणजे ठरावीक गटांचे नमुने नियमित तपासणारी ठिकाणं, वाढली होती आणि २००५-०६च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघरी जाऊन एक लाखाहून अधिक लोकांच्या बोटातून रक्त घेतलं गेलं होतं. ते रक्त बाटलीत न भरता जाड गाळणकागदावर घेतलं, वाळवलं आणि प्रयोगशाळेत पाठवलं. कागदावर वाळवलेल्या या ठिपक्यांना सगळे डीबीएस (ड्राइड ब्लड स्पॉट) म्हणतात. फील्डवरच्या बोलीत नुसतं ‘कार्ड’.

शीतसाखळी नको, सेंट्रिफ्यूज नको, शिरेतून रक्त काढणारा माणूस नको, म्हणून ही पद्धत सोपी वाटते. तिथेच घात होतो. शिरेतून काढलेलं रक्त बिघडलं तर नळीतच दिसतं. बिघडलेलं कार्ड बऱ्याचदा काहीच बोलत नाही. बुरशी लागलेल्या, पातळ झालेल्या किंवा अर्धवट भिजलेल्या ठिपक्यातून प्रतिपिंडं (अँटिबॉडी) कमी उतरतात आणि मशीन शांतपणे ‘निगेटिव्ह’ छापतं. म्हणजे टीमच्या हातून झालेली चूक अहवालात ‘प्रादुर्भाव कमी’ म्हणून उमटते. पुढचं सगळं त्या चुकीला वाट न देण्यासाठी आहे.

कार्ड काय सांगतं, काय नाही

एचआयव्हीची प्रतिपिंडं, हिपॅटायटिस बीचं (लोक जिला पांढरी कावीळ म्हणतात ती) एचबीएसएजी हे विषाणूचं प्रथिन, हिपॅटायटिस सीची प्रतिपिंडं आणि सिफिलिसची ट्रेपोनेमल (थेट त्या जंतूविरुद्धची) प्रतिपिंडं, एवढं एका कार्डावर बसतं. त्यातले दोन निकाल वाचताना जपा. सी विषाणूची प्रतिपिंडं सापडली म्हणजे आज संसर्ग आहेच असं नाही. साधारण दहातल्या तिघांच्या शरीरातून विषाणू आपोआप निघून जातो, प्रतिपिंडं मात्र मागे राहतात. चालू संसर्ग मोजायचा तर विषाणूच्या आरएनएच्या तपासणीसाठी एक अख्खा ठिपका राखून ठेवावा लागतो. सिफिलिसचंही तसंच. ट्रेपोनेमल तपासणी उपचारानंतरही बहुतेकांत आयुष्यभर पॉझिटिव्ह येते, आणि सक्रिय आजार ओळखणारी आरपीआर किंवा व्हीडीआरएल कार्डावर भरवशाची नाही. सक्रिय सिफिलिसचा आकडा हवा असेल तर शिरेतलं रक्त घ्या. नाहीतर अहवालात ‘कधीतरी झालेला सिफिलिस’ असं स्पष्ट लिहा.

परमा, म्हणजे गनोरिया, तसंच क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास कार्डावर सापडत नाहीत. त्यांच्यासाठी नॅट तपासणी (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी) लागते. पुरुषांची पहिल्या धारेची लघवी घेतात, २० ते ३० मिली, त्याआधी निदान तासभर लघवी केलेली नसावी. स्त्रियांनी योनीचा स्वॅब स्वतःच घेतला तरी चालतो. हा खर्च टाळून ‘अंगावरून पांढरं जातं का?’ एवढ्या प्रश्नावर भागवण्याचा मोह सगळ्यांना होतो. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीचा अभ्यास इथे आठवावा. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांपैकी ५५ टक्क्यांनी काहीतरी स्त्रीरोगाची तक्रार सांगितली, तपासणीत मात्र ९२ टक्क्यांना एक तरी विकार निघाला. आणि त्याआधी कधीही अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. तक्रारीवरून आजार मोजला तर केवढा निसटतो, ते या दोन आकड्यांतल्या फरकात आहे.

किती माणसं, किती सामान

समजा एखाद्या गटात हिपॅटायटिस सीचं प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास असावं असा अंदाज आहे आणि ५ टक्के इकडेतिकडे चालणार आहे. साध्या सूत्राने २४६ माणसं येतात. पण नमुना वस्त्यांच्या गटांतून निवडला असेल तर एका वस्तीतली माणसं एकमेकांसारखी असतात, म्हणून डिझाइन इफेक्ट (नमुना वाढवायचा गुणक) २ धरून ४९२. दहातला एक नकार देणार असं धरलं तर ५४७ जणांपर्यंत पोचण्याची तयारी हवी. हे गणित प्रत्येक तपासणीसाठी वेगळं करा. एचआयव्हीचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत असलेल्या सर्वसाधारण लोकसंख्येत ५०० कार्डांतून काहीही हाती लागत नाही.

माणशी लागतं ते असं: पाच वर्तुळांचं एक कार्ड (व्हॉटमन ९०३ किंवा त्याच प्रतीचा कागद, साधा फिल्टर पेपर नको), दोन लॅन्सेट (बोट टोचायची साधनं), दोन स्पिरिट स्वॅब, कोरड्या गॉजचे दोन तुकडे, एक हातमोजा जोड, एक पट्टी. लॅन्सेट पात्याचं, एकदा वापरून आपोआप आत जाणारं, सुमारे २ मिमी खोलीचं घ्या. मधुमेहाची साखर तपासायला मिळणाऱ्या बारीक सुईच्या लॅन्सेटने एक थेंब निघतो, पाच निघत नाहीत, आणि मग बोट पिळणं सुरू होतं. सगळ्यावर १५ टक्के जादा धरा. सिलिका जेलच्या १ ग्रॅमच्या पुड्या मात्र कार्डांच्या तिप्पट घ्या, कारण त्या बदलाव्या लागतात आणि खरेदीच्या यादीत नेमक्या त्याच कापल्या जातात.

संमती, निकाल आणि कोड

एचआयव्ही आणि एड्स कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तपासणीपूर्वी माहितीपूर्ण संमती त्याने बंधनकारक केली. निनावी पाहणीसाठी, जिथे कुणा एका व्यक्तीची स्थिती ठरवायची नसते तिथे, त्यात सवलत आहे. मात्र तेव्हाही पाहणीचा हेतू सांगावाच लागतो. समोर बसून लैंगिक वर्तनाची प्रश्नावली भरून घ्यायची आणि संमतीसाठी त्या सवलतीवर बोट ठेवायचं, हे पटणारं नाही. संमती घ्याच. नैतिक समितीची मंजुरी तर आधी हवीच. वय १८ पूर्ण असलेल्यांनाच घ्या. त्याखालच्या व्यक्तीने लैंगिक संबंध सांगितले की पॉक्सोखाली पोलिसांना कळवण्याची जबाबदारी येते, आणि गुप्ततेचं तुम्ही दिलेलं वचन तिथल्या तिथे मोडतं.

संमतीपत्र वाचून दाखवताना भाषा अशी ठेवा: “तुमच्या बोटातून पाच थेंब रक्त घेणार आहोत. त्यावर एचआयव्ही, दोन प्रकारच्या काविळी आणि गरमी यांच्या तपासण्या होतील. कार्डावर तुमचं नाव नसेल, त्यामुळे या तपासणीचा निकाल आम्हाला तुम्हाला सांगता येणार नाही. स्वतःचा निकाल हवा असेल तर ही चिठ्ठी घेऊन सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही सल्ला-तपासणी केंद्रात, जा, तिथे तपासणी फुकट आहे. नाही म्हणालात तरी तुम्हाला मिळणारी कोणतीही सेवा बंद होणार नाही.” ‘सिफिलिस’ म्हटल्यावर कोरा चेहरा दिसतो, ‘गरमी’ म्हटल्यावर कळतं. मात्र गरमी म्हणजे उष्णता असंही काही जण समजतात, म्हणून ‘लघवीच्या जागी जखम होते ती’ हे जोडून सांगा.

निकाल परत द्यायचा की नाही, हे प्रस्ताव लिहितानाच ठरवा. द्यायचा असेल तर कार्डाच्या भरवशावर राहू नका. जागेवर रॅपिड टेस्ट करा आणि पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला त्याच दिवशी आयसीटीसीत सोबत घेऊन जा. हिपॅटायटिस बी आणि सीचे उपचार २०१८ पासून राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात मोफत आहेत. जवळचं उपचार केंद्र कोणतं, ते चिठ्ठीवर छापलेलं असू द्या.

बारकोडचे चार सारखे स्टिकर असतात: एक कार्डावर, एक प्रश्नावलीवर, एक पाठवणीच्या यादीवर, चौथा सुटा. सहीचं संमतीपत्र यांपैकी कशालाही चिकटत नाही आणि वेगळ्या पिशवीत जातं. स्टिकर बोट टोचण्याआधी लावा. दोन बायका एकाच वेळी बसल्या, थेंब आधी घेतले, स्टिकर नंतर लावले आणि अदलाबदल झाली, तर ती चूक जगातली कोणतीही प्रयोगशाळा पकडू शकत नाही.

थेंब

माणसाला बसवा. उभ्याने टोचलं की कुणीतरी भोवळ येऊन पडतंच, आणि बहुधा सगळ्यांत धिप्पाड दिसणारा पडतो. हात गार असेल तर कोमट पाण्यात धरायला लावा किंवा चोळायला सांगा, आणि हृदयाच्या खालच्या पातळीवर लोंबू द्या. मधलं किंवा अनामिका बोट घ्या. कमी वापरातला हात बरा. स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या, निदान ३० सेकंद. घाई केली तर झोंबतं, शिवाय ओल्या स्पिरिटने तांबड्या पेशी फुटतात आणि ठिपका चकचकीत लाल, पसरट दिसतो.

टोचायचं बोटाच्या टोकाच्या बाजूला. अगदी शेंड्याला नको, मधोमधही नको. पातं बोटाच्या रेषांना आडवं धरा, म्हणजे रक्त रेषांतून वाहत न जाता गोल थेंब धरतं. पहिला थेंब कोरड्या गॉजने पुसून टाका. त्यात ऊतींतलं पाणी असतं. मग वाट पाहा. हे सांगायला सोपं, पण नव्या माणसाला सगळ्यांत जड जातं ते हेच. थेंब मोठा व्हायला दहा-पंधरा सेकंद लागतात आणि तेवढ्यात हात आपोआप पिळायला जातो. बोटाच्या मुळापासून टोकाकडे हलकं दाबून सोडलं तर चालतं. टोचलेल्या जागेजवळ चिमटीत पिळलं तर रक्ताबरोबर पाणी येतं आणि नमुना पातळ होतो.

थेंब लोंबू लागला की कार्ड खालून वर आणा, थेंबाला टेकवा, बोटाला नाही. कागद तो एका घोटात पितो. वर्तुळ १२-१३ मिमीचं असतं आणि ते भरायला सुमारे ७० ते ७५ मायक्रोलिटर लागतात, म्हणजे एक चांगला भरलेला थेंब. एका वर्तुळात एकच थेंब. कमी पडला म्हणून त्यावर दुसरा सोडला तर थर बसतात, आणि त्या ठिपक्यातल्या एकाच मापाच्या चकतीत रक्त किती, हे सांगता येत नाही. कमी पडला तर पुढच्या वर्तुळाकडे जा. कार्ड उलटून पाहा: मागूनही तितकंच गोल आणि गडद दिसलं पाहिजे. पुढून भरलेला आणि मागून पांढरा ठिपका म्हणजे रक्त आरपार गेलेलं नाही. पाचपैकी तीन नीट भरले तर नमुना चालतो. दुसऱ्या बोटाला टोचायचं असेल तर पुन्हा विचारा, आणि दोनदा टोचूनही जमलं नाही तर सोडून द्या.

वर्तुळाभोवती फिकट पिवळी कडा दिसली तर बोट पिळलेलं आहे किंवा स्पिरिट वाळलेलं नव्हतं. मध्ये काळपट गोळा असेल तर रक्त साकळल्यावर टेकवलं. दोन ठिपके एकमेकांत मिसळले तर कार्ड तिरकं धरलं होतं. महिनाभरात पर्यवेक्षकाला नुसतं कार्ड पाहून कोणी टोचलंय ते ओळखता येतं.

वाळवण

पापड-कुरडया वाळवणाऱ्या घरात यातलं निम्मं ज्ञान आधीच असतं, फक्त एक गोष्ट उलटी: ऊन नको. उन्हाने आणि उष्णतेने प्रथिनं कागदातच घट्ट बसतात आणि नंतर द्रावणात उतरत नाहीत. हेअर ड्रायर नको, पंख्याचा थेट झोत नको (धूळ बसते), उभ्या गाडीची डिकी तर नकोच. कार्डं आडवी, रॅकवर, ठिपक्यांना खालून काहीही न टेकता ठेवा. एकावर एक ठेवू नका. कमीत कमी ४ तास लागतात, रात्रभर ठेवणं उत्तम. रात्रभर ठेवताना वरून जाळी टाका. माश्या, मुंग्या आणि झुरळं वाळलेलं रक्त आवडीने खातात, आणि कुरतडलेला ठिपका बाद होतो. वाळलेला ठिपका तांबडा राहत नाही, सगळीकडे सारखा गडद चॉकलेटी होतो. मध्ये जरा जरी लाल किंवा ओलसर चमक असेल तर तो वाळलेला नाही.

हे झालं एप्रिलमधल्या सोलापूरचं. जुलैत रत्नागिरी-सिंधुदुर्गात किंवा गोव्यात हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते. तिथे कार्ड रात्रभर उघडं ठेवलं तरी सकाळी दमटच हाताला लागतं. अशा वेळी पहिले दोन तास घरात उघड्यावर वाळू द्या, म्हणजे वरचं पाणी जाईल. मग घट्ट झाकणाच्या मोठ्या प्लास्टिक डब्यात रॅक ठेवा, तळाशी पसरट ताटलीत अर्धा किलो सुटं सिलिका जेल पसरा आणि रात्रभर बंद करा. एसी खोली मिळाली तर तीही चालते, फक्त रात्री वीज गेली तर काय, हे आधी ठरवा. रंग बदललेलं सिलिका जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवलं की पुन्हा वापरता येतं. सर्वेक्षणाची तारीख तुमच्या हातात असेल तर कोकण ऑक्टोबरनंतर घ्या. निधी मार्चअखेर संपवायचा असतो हे खरं, पण बुरशीला आर्थिक वर्ष कळत नाही.

पिशवी आणि प्रवास

दोन कार्डांमध्ये ग्लासीन (गुळगुळीत, न शोषणारा) कागद घाला, नाहीतर एकाचं रक्त दुसऱ्याला लागतं. दहा कार्डं, दहा सिलिका पुड्या आणि एक आर्द्रता दर्शक कार्ड, असं एका जाड झिपलॉक पिशवीत बंद करा; हवा दाबून काढा. दर्शक कार्डावरचा ३० टक्क्यांचा ठिपका निळ्याचा गुलाबी झाला की सगळ्या पुड्या बदला. हे रोज बघायचं काम एका ठराविक माणसाकडे द्या आणि वहीत सही घ्या.

खोलीच्या तापमानाला आठवडाभरापेक्षा जास्त ठेवू नका. पुढे फ्रीजमध्ये, आणि महिनोन्‌महिने ठेवायचं तर उणे २० अंशांवर. फ्रीजरमधून काढलेली पिशवी लगेच उघडू नका. आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार कार्डावर दव धरतं आणि सगळं वाळवण पाण्यात जातं. पाठवताना पिशवी जाड लिफाफ्यात, लिफाफा खोक्यात आणि यादी खोक्याबाहेर वेगळ्या पाकिटात. यादीवर नाव नाही, फक्त कोड. खोक्यावर ‘एचआयव्ही’ लिहू नका.

प्रयोगशाळेत

६ मिमीच्या पंचने ठिपक्याच्या भरलेल्या भागातून चकती काढतात. तीत सुमारे १० ते १२ मायक्रोलिटर रक्त असतं. दोन नमुन्यांच्या मध्ये कोऱ्या कागदाच्या दोन-तीन चकत्या पाडायच्या, म्हणजे पंचमध्ये अडकलेले तंतू पुढच्या नमुन्यात जात नाहीत. चकती पीबीएस-ट्वीन नावाच्या द्रावणात २ ते ८ अंशांवर रात्रभर भिजते आणि त्या द्रावणावर एलायझा (प्रतिपिंडं किंवा विषाणूचं प्रथिन शोधणारी तपासणी) होतो. किट प्लाझ्मासाठी बनवलेलं असतं, त्याचा कट-ऑफ (पॉझिटिव्ह ठरवण्याची रेषा) कार्डाला जसाच्या तसा लागू पडत नाही. म्हणून सर्वेक्षण सुरू होण्याआधी त्याच माणसाचं प्लाझ्मा आणि कार्ड अशा जोड्यांवर किट तपासून घ्या, आणि प्रत्येक प्लेटमध्ये त्याच कागदावर बनवलेले माहीत असलेले पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठिपके ठेवा. रक्तक्षय असलेल्या व्यक्तीचं रक्त कागदावर जास्त पसरतं, हेही ध्यानात असू द्या. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, त्यामुळे या जोड्यांत त्या असल्याच पाहिजेत.

एकाच एलायझावर पॉझिटिव्ह ठरवलं तर काय होतं, ते १०,००० लोकांवर करून बघा. प्रमाण ०.३ टक्के, म्हणजे खरे बाधित ३०. किटची विशिष्टता (बाधित नसलेल्याला निगेटिव्हच दाखवण्याचं प्रमाण) ९९.५ टक्के, म्हणजे उरलेल्या ९,९७० पैकी सुमारे ५० जण खोटे पॉझिटिव्ह. ऐंशीतले पन्नास चुकीचे! म्हणून पहिल्यात पॉझिटिव्ह आलेला प्रत्येक नमुना वेगळ्या तत्त्वावरच्या दुसऱ्या किटने तपासायचा. सगळे पॉझिटिव्ह आणि थोडे, म्हणजे ५ टक्के, निगेटिव्ह दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवले तर प्लेटमधल्या अदलाबदलीही सापडतात.

टोचलं किंवा सांडलं तर

वापरलेलं लॅन्सेट लगेच पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. रक्ताचा कापूस-गॉज पिवळ्या पिशवीत. हातमोजे लाल पिशवीत. जमिनीवर सांडलेल्या रक्तावर गॉज टाका, त्यावर १ टक्का हायपोक्लोराइट ओता, दहा मिनिटांनी पुसा. ५ टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग आणि पाणी चार भाग. रोज ताजं करा. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात आठवडाभर तग धरतो, म्हणून ‘वाळलंय, काही होत नाही’ हे ऐकू नका. टीममधल्या प्रत्येकाचे बीच्या लसीचे तीन डोस, ०, १ आणि ६ महिन्यांनी, फील्डवर जाण्याआधी पूर्ण हवेत. म्हणजे तयारी निदान सहा महिने आधी सुरू होते.

सुई टोचली तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळू नका, बोट तोंडात घालू नका, जंतुनाशकाने घासू नका. जवळच्या एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात किंवा कॅज्युअल्टीत पोचा. पीईपीची (संसर्ग टाळण्यासाठीच्या औषधाची) पहिली गोळी शक्यतो दोन तासांत घ्या, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि पुढे २८ दिवस रोज. केंद्राचा पत्ता आणि रात्री कुठे जायचं, हे टीमच्या प्रत्येकाच्या ओळखपत्रामागे लिहिलेलं असू द्या.

बाद कार्डांची वही

प्रयोगशाळेने परत पाठवलेलं प्रत्येक कार्ड कारणासह नोंदवा: कमी भरलेलं, थर, पिवळी कडा, साकळलेलं, बुरशी, कोड जुळत नाही. दर शनिवारी टीमवार मोजा. कमी भरलेली वाढली तर लॅन्सेट बदलली आहेत का बघा. पिवळ्या कडा वाढल्या तर दिवसाचं लक्ष्य फार ठेवलं आहे का बघा, कारण घाई झाली की माणूस पिळतो. बुरशी एकाच टीमच्या पिशव्यांत दिसली तर त्या टीमच्या मुक्कामाच्या खोलीत जाऊन रॅक कुठे ठेवतात ते पाहून या. बहुतेक वेळा तो न्हाणीघराच्या भिंतीला लागून असतो.